रानपिंगळ्याचा अज्ञातवास

पिंगळा पाहिला नाहीं किंवा निदान ऐकला नाहीं, असा मनुष्य महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. वडाच्या ढोलींत, पडक्या वाड्याच्या भिंतींत, किंवा शहरांतल्या एखाद्या जुन्या वृक्षाच्या पोकळींत राहणारें हें मूठभर घुबड तिन्हीसांजा झाल्या कीं आपल्या जोडीदाराशीं असा कांहीं कलह मांडतें कीं, ऐकणाराला वाटावें, घरांत वाटण्या चालल्या आहेत. पहाटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यासही लोकांनीं याच पक्ष्याचें नांव दिलें. परंतु या पिंगळ्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवानी रानांत राहतो, आणि शास्त्राच्या दृष्टीनें तो एकशें तेरा वर्षें नाहींसा झाला होता, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याचें नांव रानपिंगळा. तो दिसेनासा कसा झाला, त्याच्या नांवानें खोटी साक्ष कोणीं दिली, आणि अखेर तो पुन्हां कसा सांपडला, हा इतिहास पक्षी पाहण्याचा छंद असणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्याजोगा आहे. त्यांत परीक्षा झाली ती पक्ष्यापेक्षां माणसाच्या खरेपणाची.

या कथेचा आरंभ सिमल्याच्या एका बंगल्यांत होतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून सर्वांस परिचित आहे. इ. स. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत सभेचें जें पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या खटपटींत ते अग्रभागीं होते. परंतु त्यापूर्वीं कित्येक वर्षें या मुलकी अधिकाऱ्यानें आपला सारा फुरसतीचा वेळ हिंदुस्थानच्या पक्ष्यांना वाहिला होता. सिमल्याच्या ‘रॉथ्नी कॅसल’ या बंगल्यांत त्यांनीं पक्ष्यांचा प्रचंड संग्रह मांडला होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेलीं पिसें’, या नांवाचें एक नियतकालिकही ते चालवीत. देशभर पसरलेले अधिकारी आपापल्या मुलुखांतले पक्षी मारून, सोलून, आंत कापूस भरून ह्यूम यांजकडे धाडीत; आणि ह्यूम त्यांची छाननी करून त्यांचीं वर्णनें छापीत.

इ. स. १८७२ च्या अखेरीस छत्तीसगडच्या पूर्वेकडील बसना-फुलझरच्या बाजूनें एफ. आर. ब्लूइट नांवाच्या अधिकाऱ्याला असेंच एक लहानसें घुबड मिळालें. ह्यूम यांनीं तें पाहिलें मात्र, त्यांच्या ध्यानीं आलें कीं, हा नेहमींचा पिंगळा नव्हे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचें डोकें जवळजवळ कोरें होतें. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट स्वच्छ पांढरें, पायांवर पिसांचा दाट पायमोजा, आणि कवटी व चोंच अंगाच्या मानानें थोराड. १८७३ सालीं ह्यूम यांनीं या पक्ष्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि शास्त्रीय नामांत ब्लूइटची आठवण कायम ठेवली. पुढें व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास त्याच बाजूला आणखी एक पक्षी मिळाला. आणि १८८० च्या पुढील वर्षांत आपल्या खानदेशांत, शहाद्याच्या आसपास, जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें आणखी कांहीं टिपले. १८८४ सालीं डेव्हिडसननें शेवटचा पक्षी मारला, आणि तेथेंच पडदा पडला. जगांतील सारीं संग्रहालयें धुंडाळलीं तरी या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. संग्रहालयाच्या खणांत उताणें निजविलेलें पक्ष्याचें कातडें स्वतः होऊन कांहीं बोलत नाहीं. त्याच्या पायाला दोऱ्यानें बांधलेली चिठ्ठी हीच त्याची वाचा. पक्षी कोठें मिळाला, केव्हां मिळाला आणि कोणीं मिळविला, या तीन गोष्टी त्या चिठ्ठीवर असतात. चिठ्ठी खरी, तर तें कातडें शंभर वर्षांनींही साक्ष देतें. चिठ्ठी गेली, तर उरतीं तीं नुसतीं पिसें. आणि चिठ्ठी खोटी असेल, तर तें कातडें खोट्या साक्षीदारासारखें पिढ्यान् पिढ्या शहाण्यांना फसवितें.

लिखित नोंदीची किंमत स्वतः ह्यूम यांनाही फार कडू रीतीनें कळली. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावा, म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें टिपणें करून ठेवलीं होतीं. ते सिमल्याबाहेर गेले असतां त्यांच्या एका नोकरानें तीं हस्तलिखितें चोरून बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकलीं. एका तपाहून अधिक काळचा उद्योग असा मातीमोल झाल्यावर ह्यूम यांचें मन या विद्येवरून उडालें. १८८५ सालीं पक्षी व अंडीं मिळून सुमारें ८२,००० नगांचा आपला संग्रह त्यांनीं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नेण्यासाठीं म्युझियमचे बोडलर शार्प हे स्वतः सिमल्यास आले होते. खानदेशांतले डेव्हिडसनचे पक्षीही कालांतरानें त्याच म्युझियमच्या कपाटांत जाऊन विसावले.

आतां खोट्या साक्षीची हकीकत. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन (१८७८ ते १९६७) हे इंग्रजी फौजेंतले नामांकित अधिकारी आणि तितकेच नामांकित पक्षिसंग्राहक. त्यांच्या पराक्रमाच्या कथा लोक आवडीनें सांगत. त्यांच्या स्वतःच्या संग्रहांत एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलें होतें कीं, तो १९१४ च्या ऑक्टोबरांत गुजरातेंत तापीकांठच्या मांडवी गांवीं मारला. विसाव्या शतकांतला रानपिंगळ्याचा पुरावा काय तो हा एवढाच! मोठ्या माणसाची चिठ्ठी. तिच्यावर शंका कोणीं घ्यावी? पुस्तकांतून मांडवीचें नांव छापलें गेलें, नकाशांवर ठिपका पडला. पुढें सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनींही रानपिंगळ्याचा शोध केला, पण पक्षी कांहीं दिसला नाहीं. अखेर तो नामशेष झाला असावा, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

दरम्यान पक्षी पाहण्याची रीतच पालटत चालली होती. पूर्वीं बंदुकीनें पाडलेला पक्षी तेवढाच खरा, नुसता पाहिलेला संशयास्पद, असा दंडक होता. ही बंदुकीची मक्तेदारी कॅमेऱ्यानें मोडली. १८९५ सालीं इंग्लंडांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत प्रत्यक्ष रानांत घेतलेल्या छायाचित्रांनीं सजविलें. पक्षी बुजूं नयेत म्हणून हे बंधु पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटांत कॅमेऱ्यासह दडून बसत! हिंदुस्थानांत एफ. डब्ल्यू. चँपियन या जंगलखात्याच्या अधिकाऱ्यानें १९२७ सालीं वाघांच्या छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. वाटेवर लावलेल्या तारेला वाघाचा पाय लागे, लख्ख प्रकाश पडे, आणि वाघ आपली तसबीर आपणच काढून पुढें चालूं लागे. ई. एच. एन. लोथर यांचें हिंदी पक्ष्यांच्या छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ सालीं निघालें. छायाचित्राचा एक मोठा गुण असा कीं, पाहणाराची चूक झाली तरी ती पुढच्या माणसाला तपासतां येते. रानपिंगळा म्हणून मध्यंतरीं जें एक छायाचित्र दाखविलें जात होतें, तें जाणकारांनीं निरखून पाहिलें, तेव्हां तो साधा पिंगळाच ठरला. तोंडी साक्षीची अशी फेरतपासणी होऊं शकली नसती.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत पामेला रासमुसेन या विदुषी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ सिद्ध करीत होत्या. त्यासाठीं जुनीं कातडीं तपासतां तपासतां माइनर्टझहागेन यांच्या चिठ्ठ्यांविषयीं त्यांना संशय येऊं लागला. अशी कुजबूज पूर्वींही होती. म्युझियमनें एकदां या कर्नलसाहेबांना पक्षिविभागांत पाऊल ठेवण्यास मनाईही केली होती. परंतु मोठ्या नांवाचा दबदबा मोठा. रासमुसेनबाई आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनीं मांडवीचा तो रानपिंगळा क्ष-किरणांखालीं धरला, आंतला कापूस पाहिला, शिवण पाहिली. शिंप्याचा हात जसा टांक्यावरून ओळखूं येतो, तसा पक्षी सोलणाराचा हातही ओळखूं येतो. हा हात डेव्हिडसनचा होता! म्हणजे खानदेशांत १८८० नंतर मारलेला पक्षी म्युझियमच्या कपाटांतून चोरून, आंतलें भरण बदलून, चिठ्ठी टाकून देऊन, दुसऱ्याच्या नांवावर आणि दुसऱ्या गांवावर चढविला होता. या फसवणुकीचा सविस्तर पंचनामा त्या दोघांनीं १९९९ सालीं ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

परंतु त्याच्या आधींच या शंकेनें आपलें काम केलें होतें. मांडवीची नोंद खोटी, तर मग खऱ्या चिठ्ठ्या काय म्हणतात? त्या म्हणतात, फुलझर आणि शहादें. १९९७ च्या नोव्हेंबरांत रासमुसेनबाई, न्यूयॉर्कचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे शोधार्थ हिंदुस्थानांत आले. मांडवीकडे ते फिरकले नाहींत. आधीं पूर्वेकडील जागा पाहिल्या. तेथें निराशाच पदरीं पडली. मग ते डेव्हिडसनच्या वाटेनें शहाद्यास आले. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबारचा वेगळा जिल्हा पुढें १९९८ सालीं झाला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानांतून जात असतां बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर भर उन्हांत बसलेलें एक ठेंगणें घुबड दिसलें. डोकें कोरें, पोट पांढरें, पाय पिसांनीं भरलेले, शेपटीवर रुंद पट्टे. पक्षी उडून जाईल या धास्तीनें तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. परंतु त्यांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं, चलच्चित्रही घेतलें. ज्या पक्ष्याची खात्री पटविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत प्रत्येक वेळीं त्याचा जीव घ्यावा लागला होता, त्याच्या केसालाही धक्का न लागतां तो खरा आहे हें आतां साऱ्या जगाला मान्य झालें.

एकदां कोठें आणि कसें पाहावें हें कळल्यावर रानपिंगळा इतरत्रही दिसूं लागला. हा पक्षी इतर घुबडांप्रमाणें केवळ रात्रींचर नव्हे. दिवसाढवळ्या उंच शेंड्यावर बसून तो सरडे, उंदीर आणि किडे टिपतो. मेळघाटांत तो सांपडला. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या रानांत तो २०१४ सालीं आढळला, म्हणजे ज्या नगरींत ह्यूम यांची सभा भरली तिच्या उंबरठ्याशींच! पुढें दक्षिण गुजरातेंतील डांगच्या जंगलांतही तो दिसला. कोणी म्हणेल, मग मांडवीची चिठ्ठी अगदींच चुकीची कशी? त्यास उत्तर असें कीं, खोट्या साक्षीदारानें सांगितलेल्या गांवाशेजारीं खरा माल सांपडला, म्हणून त्याची साक्ष खरी ठरत नाहीं. त्यानें जें पाहिलें नाहीं तें पाहिल्याचें सांगितलें, आणि दुसऱ्यानें जें केलें तें आपल्या नांवावर घातलें. हा दोष कोणत्याही योगायोगानें धुऊन निघत नाहीं.

जागतिक संघटनेनें आपल्या यादींत २०१८ सालीं रानपिंगळ्याला अत्यंत संकटग्रस्त वर्गांतून काढून त्याखालच्या संकटग्रस्त वर्गांत ठेवलें. याचा अर्थ त्याचें संकट टळलें असा नव्हे. जुनीं ढोलीचीं झाडें तुटतात, रानें शेतांसाठीं उघडीं पडतात, आणि ढोली नाहीं तर घरटें नाहीं. तो किती आहे, कोठें आहे, कोठून हटत चालला आहे, हें कळण्याचा मार्ग एकच: पाहणारांनीं पाहिलें तेवढेंच आणि पाहिलें तसेंच टिपून ठेवणें.

आज घरोघरीं कॅमेरा आहे. सुट्टीच्या दिवशीं मुलें गॅलरींतून साधा पिंगळा, शिंपी, बुलबुल, फुलपांखरें यांचीं चित्रें घेतात आणि आईबाप तीं कौतुकानें पाहतात. त्या कौतुकांत एक लहानशी संवय मिळविली, तर फार मोठें काम होईल. चित्राखालीं त्याच दिवशीं तारीख लिहावी, जागेचें नांव लिहावें, आणि पक्षी ओळखतां आला नसेल तर ‘ओळखूं आला नाहीं’ असें निःसंकोच लिहावें. डेव्हिडसननें शहाद्याच्या रानांत दोऱ्यानें बांधलेली एक चिठ्ठी एकशें तेरा वर्षांनीं शोधणारांस त्या झाडापाशीं घेऊन गेली. आजच्या मुलाची चिठ्ठी कोणाला कोठें घेऊन जाईल, हें आज कोणीं सांगावें?