महारवाडा, दरबार आणि तीन ताल : बौद्ध लेण्यांची लोकनामे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने बारसे होते, दुसऱ्याने अवहेलना. आपल्या लेण्यांना लोकांनी दिलेली नावे तपासताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते. भिक्खुसंघ उरला नाही, ब्राह्मी लिपी वाचणारे राहिले नाहीत, तेव्हा परिसरातील लोकांनी या वास्तूंना आपापल्या परीने नावे दिली. त्या नावांत भाबडेपणा आहे, कल्पकता आहे आणि जातीय तुच्छताही आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

शिलालेखांतील मूळ नावे सर्वत्र सारखी लोपली नाहीत. कान्हेरीच्या नावात शिलालेखातील ‘कण्हगिरि’ आजही ऐकू येते. जुन्नरचा ‘मानमुकुड’ लोकांच्या तोंडी ‘मानमोडी’ झाला. कार्ल्याचा ‘वलूरक’ मात्र विस्मृतीत गेला. नाशिकच्या ‘तिरण्हु’ अर्थात त्रिरश्मी डोंगरावर गौतमी बलश्रीने भदायनीय भिक्खूंना लेणे दान दिल्याचा लेख स्पष्ट असूनही लोकांनी त्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले. कर्ता ठाऊक नसला की पांडवांचे नाव घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत होय. यात द्वेष नाही. पण दाते व शिल्पकार त्यामुळे पुसले गेले, हेही खरे.

वेरूळची बारा बौद्ध लेणी या दृष्टीने विशेष बोलकी आहेत. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहाच्या छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. म्हणून ते ‘सुतार-झोपडी’ किंवा ‘विश्वकर्मा’ झाले. सुतार तेथे येऊन बुद्धमूर्तीलाच विश्वकर्मा समजून पूजित, अशी एकोणिसाव्या शतकातील नोंद आहे. बारावे लेणे तीन मजल्यांचे, म्हणून ‘तीन ताल’. अकरावे ‘दोन ताल’. पण १८७६ मध्ये गाळ उपसला तेव्हा त्याचाही तिसरा मजला उघडा झाला. नाव मात्र आजतागायत दोनच मजल्यांचे राहिले आहे. ही नावे डोळ्यांना दिसले त्यावरून पडली.

पाचव्या लेण्याचे नाव निराळ्या वाटेने आले. ते ‘महारवाडा’ म्हणून ओळखले जाते आणि त्यासह आरंभीच्या लेण्यांच्या समूहाला ‘ढेडवाडा’ म्हणत, असे जुन्या युरोपीय अभ्यासकांनी नोंदले आहे. पावसाळ्यात जवळपासचे महार येथे आसरा घेत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तसे असेल तर पुढचा प्रश्न उभा राहतो : गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना पावसात डोंगरातील लेणेच का गाठावे लागे?

या लेण्याची रचनाही पाहावी. सुमारे ११७ फूट खोल असे हे दालन असून त्यात दोन ठेंगणे दगडी ओटे लांबवर समांतर गेले आहेत. भिक्खूंनी ओळीने बसून भोजन वा पठण करावे, अशी ही योजना दिसते. असेच ओटे असलेले दालन कान्हेरीच्या अकराव्या लेण्यात आहे. त्याचे लोकनाम आहे ‘दरबार’! एकाच धर्तीच्या दालनाला एके ठिकाणी दरबार आणि दुसऱ्या ठिकाणी महारवाडा म्हटले गेले. नाव वास्तूतून निघत नाही, ठेवणाऱ्याच्या मनातून व समाजातील उतरंडीतून निघते, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

शब्दांच्या इतिहासातही हेच घडले आहे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक सर्व ‘पासंडां’च्या सारवृद्धीची इच्छा करतो. तेथे त्या शब्दाचा अर्थ केवळ पंथ असा आहे. आज ‘पाखंड’ म्हणजे ढोंग. अशोकाची ‘देवानांप्रिय’ ही उपाधी पतंजलीच्या काळी आदराची होती. भट्टोजी दीक्षितांच्या व्याकरणात तिचा अर्थ ‘मूर्ख’ झाला.

‘महारवाडा’ या नावावरून महार पूर्वी बौद्ध होते हे सिद्ध होते, असे काही उत्साही अभ्यासक म्हणतात. आम्हांस हा पुरावा पुरेसा वाटत नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यांचा बौद्ध धम्माशी संबंध मांडला तो तर्क व ग्रंथप्रमाण यांच्या आधारे, आणि तो तपासला जावा अशाच वृत्तीने. एका टोपणनावावर त्याचा भार टाकणे त्यांच्या पद्धतीला धरून होणार नाही. हे नाव वंशाचा पुरावा नसले, तरी तुच्छतेचा पुरावा निश्चित आहे.

ती तुच्छता बाबासाहेबांनी त्याच वाटेवर सोसली. १९३४ मध्ये सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी त्यांनी हौदातील पाण्याने हातपाय धुतले, तोच ‘ढेडांनी हौद बाटवला’ अशी ओरड झाली. लेण्यांच्या कपाळी मारलेला शब्द लेणी पाहण्यास निघालेल्या माणसांच्या अंगावर आला.

बाबासाहेबांनी उत्तर दिले ते नवी नावे ठेवून. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. वेरूळच्या उंबरठ्यावर, त्या वेळच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले गेले. ‘जनता’चे १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो २०२० मध्ये.

जुनी लोकनामे खरवडून टाकावीत, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास पुरावाच नष्ट होईल. परंतु लेणी पाहण्यास जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी मुलांना पाचव्या लेण्यात त्या ओट्यांवर ओळीने बसवावे, येथे भिक्खू कसे बसत ते सांगावे, आणि मग हे नाव कोणी व का ठेवले तेही सांगावे. नाशिकला गेल्यावर ‘त्रिरश्मी’ म्हणावे व गौतमी बलश्रीचा लेख दाखवावा.