मंगळावरचे कोळी हल शहरातून आले होते

आज एक जुनी रेकॉर्ड घेऊन बसलोय. वाजवून दाखवता येणार नाही, कॉपीराइट आडवा येतो. पण तिची गोष्ट सांगता येते, आणि गोष्ट भारी आहे.

रेकॉर्ड आहे डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाची. नाव मालगाडीएवढं लांब: 'द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स'. आपण नुसतं 'झिगी' म्हणू. जून १९७२ मध्ये आरसीए कंपनीने हा अल्बम बाजारात आणला. ११ गाणी, साधारण ३८ मिनिटं. २०२२ मध्ये त्याला ५० वर्षं झाली आणि तो नव्याने कापून व्हायनलवर आला. पण मला जास्त रस आहे तो २०२४ च्या एका रेकॉर्डमध्ये. तिच्याकडे येऊच.

आधी ग्लॅम रॉक म्हणजे काय ते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पुरुष गायक मेकअप करून, चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून स्टेजवर येऊ लागले. गाणी मात्र सरळसोट, दणकेबाज. टी. रेक्सचा मार्क बोलन यात आघाडीवर होता. बोवीने पुढे जाऊन एक पात्रच उभं केलं. पृथ्वीकडे पाचच वर्षं उरलीत, आणि झिगी नावाचा रॉकस्टार लोकांचा तारणहार होऊन बसतो. मग प्रसिद्धी त्याला गिळते. त्याच्या बँडचं नाव स्पायडर्स फ्रॉम मार्स, म्हणजे मंगळावरचे कोळी.

या अल्बमबद्दल नेहमी असं सांगितलं जातं की एका एकट्या जीनियसच्या डोक्यातून हे सगळं अख्खंच्या अख्खं बाहेर पडलं. मी दिवसभर कोड लिहितो. एकट्याच्या डोक्यातून अख्खं बाहेर पडलेलं एकही चांगलं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही. म्हणून म्हटलं, या अल्बमची कमिट हिस्टरी बघूया.

तर हे कोळी कोण होते? मिक रॉन्सन गिटारवर, ट्रेव्हर बोल्डर बेसवर, मिक वुडमन्सी ड्रम्सवर. तिघेही ईशान्य इंग्लंडमधल्या हल शहराच्या परिसरातले. आणि योगायोग बघा, हल हे तेव्हा मासेमारीचं मोठं बंदर होतं. म्हणजे आपल्या अर्थानेही कोळ्यांचंच गाव! रॉन्सन तिथल्या नगरपालिकेत माळीकाम करायचा. १९७० मध्ये बोवीकडे चल म्हणून जुना मित्र बोलवायला आला, तेव्हा हा गडी रग्बीच्या मैदानावर रेषा आखत होता. दोन वर्षांनी हाच माणूस 'स्टारमॅन'ची व्हायोलिनं बसवत होता. सुरांची नेमकी मांडणी करणं, तंतुवाद्यांचे भाग लिहून काढणं, ही कामं त्याची. बोवीला कल्पना सुचायची, रॉन्सन ती वाजवता येईल अशी करायचा.

रेकॉर्डिंग झालं लंडनच्या सोहो भागातल्या ट्रायडेंट स्टुडिओत. बोवीसोबत निर्माता होता केन स्कॉट, त्याआधी बीटल्सच्या रेकॉर्डिंगवर इंजिनियर म्हणून काम केलेला. जाता जाता सांगतो, याच ट्रायडेंटमध्ये पुढे क्वीन या बँडने मोठ्या गिऱ्हाइकांच्या मधल्या रिकाम्या वेळात आपला पहिला अल्बम केला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

आता २०२४ ची रेकॉर्ड. एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डेला 'वेटिंग इन द स्काय' नावाची एलपी आली. ती कापली होती ट्रायडेंटच्या एका टेपवरून, आणि टेपवर तारीख होती १५ डिसेंबर १९७१. म्हणजे अल्बम बाजारात यायच्या सहा महिने आधीचा क्रम. थोडक्यात, बीटा व्हर्जन. त्यात चार गाणी अशी आहेत जी पुढे गळाली. आणि त्यात 'स्टारमॅन' नाही! 'सफ्रजेट सिटी' नाही, आणि ज्या गाण्यावर अल्बम संपतो ते 'रॉक अँड रोल सुसाइड'ही नाही.

झालं असं, की आरसीएचे डेनिस कॅट्झ म्हणाले, सगळं ठीक आहे, पण यात सिंगल म्हणून काढता येईल असं गाणं कुठाय? बोवीने 'स्टारमॅन' लिहिलं. ४ फेब्रुवारी १९७२ ला ते रेकॉर्ड झालं आणि चक बेरीच्या एका गाण्याची आवृत्ती काढून तिच्या जागी बसवलं. ज्या गाण्याशिवाय आज हा अल्बम डोळ्यांसमोर येत नाही, ते कंपनीतल्या माणसाने मागितलं म्हणून अगदी शेवटी आलं.

आणि त्या गाण्याने काय केलं बघा. ६ जुलै १९७२ ला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर ते दाखवलं गेलं. गाता गाता बोवीने रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला. आज तुम्ही म्हणाल, मग? पण इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर आले ते १९६७ मध्ये, तेही अर्धेमुर्धे. आपण गे आहोत असं बोवीने त्याच वर्षी जानेवारीत 'मेलडी मेकर' साप्ताहिकाला सांगितलं होतं. ते सगळं त्या एका हातात होतं, आणि घराघरात आईवडील पोरांशेजारी बसून ते बघत होते. पुढे मोठे झालेले कितीतरी ब्रिटिश संगीतकार त्या काही मिनिटांची आठवण सांगतात. आता विचार करा, कॅट्झनी गाणं मागितलं नसतं तर? आणि खांदा द्यायला रॉन्सन नसता तर?

मग कव्हरवर एकटा बोवीच का? जानेवारी १९७२, लंडनची हेडन स्ट्रीट. छायाचित्रकार ब्रायन वॉर्डने सगळ्यांना बाहेर चला म्हटलं. बाकीचे आतच थांबले. बोवी फ्लूने आजारी असूनही बाहेर गेला, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. फोटो कृष्णधवल होता, रंग नंतर टेरी पास्टरने हाताने भरले. एकट्या अवतारी पुरुषाची ती जगप्रसिद्ध प्रतिमा, पण खिडकीच्या आत बँड बसला होता.

पुढचं ऐकून आयटीवाल्यांना घरचंच वाटेल. दौऱ्यांच्या काळात नव्याने आलेल्या पियानोवादकाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पगार आहे, हे कोळ्यांना कळलं. वाद झाला. ३ जुलै १९७३ ला हॅमरस्मिथ ओडियनच्या स्टेजवरून बोवीने जाहीर केलं की हा आपला शेवटचा शो. रॉन्सनला आधी माहीत होतं. बोल्डर आणि वुडमन्सीला ते प्रेक्षकांबरोबरच कळलं. पुढच्या अल्बमवर ड्रमर दुसराच होता.

आता व्हायनलचं तंत्र. २०२२ ची आवृत्ती 'हाफ-स्पीड' पद्धतीने कापलेली आहे. मास्टर अर्ध्या वेगाने वाजवायचा, आणि खाच कापणाऱ्या यंत्रावरची तबकडीही अर्ध्या वेगाने फिरवायची. कापणाऱ्या सुईला दुप्पट वेळ मिळतो, त्यामुळे झांजा आणि 'स'सारखे तीक्ष्ण आवाज नीट कोरले जातात. हे काम लंडनच्या एअर स्टुडिओत जॉन वेबरने केलं. म्हणजे ५० वर्षांनीही एक कारागीर यंत्राशी बसलाच आहे. आणि नवी आवृत्ती म्हणजे चांगलीच, असं समजू नका. २००२ च्या सीडीत डावा आणि उजवा चॅनेल चक्क उलटे झाले होते. रिलीजमधला बग, दुसरं काय! २०१२ ची आवृत्ती मग रे स्टाफने केली, जो एके काळी ट्रायडेंटमध्येच इंजिनियर होता.

रॉन्सन १९९३ मध्ये गेला, बोल्डर २०१३ मध्ये, बोवी जानेवारी २०१६ मध्ये. बोवी थोर होताच, त्यात वाद नाही. माझ्या मते त्याचा मोठेपणा यातही होता की त्याने माळ्याच्या हातातली गिटार ओळखली, आणि आयत्या वेळची मागणी कमीपणा न मानता पूर्ण केली. पण ते हात मोजल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. फोनवर 'मूनएज डेड्रीम' लावा, हेडफोन घाला, आणि शेवटचा गिटारचा तुकडा पूर्ण ऐका. तिथे बोवी गात नाहीये. तो वाजवतोय हलचा माळी.

आवाज मोठा ठेवा. कव्हरवरही तसंच लिहिलंय. भेटू पुढच्या भागात!