समुद्रपक्ष्यांचं नाक : एका नाकारलेल्या इंद्रियाचा इतिहास

आजचा विषय जरा वेगळा आहे. समुद्रावर कुठं खाणाखुणा नसतात. मग शेकडो किलोमीटर उडणाऱ्या पेट्रेलसारख्या पक्ष्याला खाद्य सापडतं कसं? याचं उत्तर मिळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. ती का लागली, हीच खरी गोष्ट आहे.

सुरुवात होते 1826 मध्ये. पक्ष्यांची चित्रं काढणारे जॉन जेम्स ऑड्युबन यांनी एक प्रयोग मांडला. हरणाच्या कातड्यात गवत भरून ते माळावर ठेवलं, तर गिधाड येऊन त्याला टोचू लागलं. पण डुकराचं कुजलेलं प्रेत झाकून ठेवलं, तेव्हा एकही गिधाड तिकडं फिरकलं नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की गिधाडं डोळ्यांनी शोधतात, वासानं नाही. प्रयोगात त्रुटी होत्या. टर्की गिधाडाला ताजं मांस आवडतं, फार कुजलेलं नको असतं. पण नाव मोठं होतं. हळूहळू गिधाडांपुरतं म्हटलेलं सगळ्या पक्ष्यांना लागू झालं, आणि ‘पक्ष्यांना वास येत नाही’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालं.

आता गंमत बघा. पेट्रेल, शिअरवॉटर, अल्बट्रॉस या मंडळींच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. देवमाशाची चरबी वितळवणाऱ्या खलाशांना माहीत होतं की तो वास सुटला की हे पक्षी कुठून तरी गोळा होतात. पण खलाशाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे ना!

हे चित्र बदललं ते मुख्यतः तीन स्त्रियांनी. पहिल्या बेट्सी बँग, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय चित्रं काढणाऱ्या. पक्ष्यांची नाकं रेखाटताना त्यांना दिसलं की काहींची आतली रचना फारच गुंतागुंतीची आहे. वापरायचंच नसेल तर एवढं नाक कशाला? 1960 मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं. पुढं 1968 मध्ये, स्टॅनली कॉब यांच्यासोबत, त्यांनी 108 जातींच्या मेंदूंमधला वासाचा भाग मोजला. त्यात स्नो पेट्रेल सगळ्यांत वरचढ ठरला. (जाता जाता सांगतो, भोपळ्यात बसणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीचं बंगाली रूप इंग्रजीत आणणाऱ्या त्या हयाच बेट्सी बँग.)

दुसऱ्या बर्निस वेन्झेल, लॉस एंजेलिसच्या. वास दिला की पक्ष्याच्या हृदयाचे ठोके बदलतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. मग लॅरी हचिसन यांच्यासोबत त्या कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर गेल्या. तेलकट वासाचे पदार्थ ठेवले, तर फुलमार आणि शिअरवॉटर वाऱ्याच्या खालच्या बाजूनं, वासाचा माग काढत आले.

पण समुद्रात नैसर्गिकरीत्या असा कुठला वास असतो? इथं तिसऱ्या येतात, गॅब्रिएल नेव्हिट. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकजवळ वादळात त्या जहाजात जोरात आपटल्या आणि मूत्रपिंडाला दुखापत झाली. बंदरात जहाजावर झोपून असताना पुढच्या मोहिमेचे शास्त्रज्ञ टिम बेट्स भेटले. ते डायमिथाइल सल्फाइड हा वायू मोजत होते. क्रिल जेव्हा वनस्पती प्लवक खातात, तेव्हा हा वायू सुटतो. शिजलेल्या कोबीसारखा त्याचा वास. त्यांचे नकाशे बघून नेव्हिट यांच्या लक्षात आलं की वास जिथं दाट, तिथं चरण्याची जागा! म्हणजे सपाट दिसणाऱ्या समुद्रावर वासाचे डोंगर आणि दऱ्या आहेत. 1995 मध्ये त्यांनी दाखवलं की हा वास पसरवला की काही पेट्रेल तिकडं वळतात. सगळे पक्षी वळत नाहीत. काळ्या भुवईचा अल्बट्रॉस वळला नाही. बिळात राहणाऱ्या लहान जातींना वासाचा आधार जास्त.

आणि आता दुखरी बाजू. 2016 मध्ये मॅथ्यू सवोका, नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकचे मणी सुमारे तीन आठवडे समुद्रात ठेवले. त्यांच्यावर शेवाळ चढलं आणि त्यांना हाच वास येऊ लागला. या वासाला प्रतिसाद देणाऱ्या जाती इतरांपेक्षा जवळजवळ सहापट जास्त वेळा प्लास्टिक गिळतात, असं त्यांना आढळलं. या निष्कर्षावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले, वाद चालू आहे. पण त्यानं प्रश्नच बदलला. आपण म्हणत होतो, ‘पक्षी मूर्ख, प्लास्टिकला मासा समजतो’. कदाचित तो मूर्ख नसेल. लाखो वर्षं खरं बोललेल्या नाकावर विश्वास ठेवत असेल, आणि वास आपण खोटा केला असेल.

अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करणारे विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल आपल्या कोकण-गोव्याच्या समुद्रातही येतात, चिमणीपेक्षा थोडेसेच मोठे. आपल्या खाडीतून वाहत गेलेली पिशवी त्यांच्यापर्यंत पोचते. ‘त्यांना वास येत नाही’ म्हणून आपण दीडशे वर्षं त्यांचं नाक मोजलंच नाही. आता मोजलंय. म्हणजे यापुढं माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरलेली नाही.