मिरजेचा आवाज आणि लाखेची तबकडी

आम्ही साताऱ्याच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या उरुसाला रेल्वेने जाणे हा आमच्या घरचा जुना रिवाज. दर्ग्याच्या आवारातच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांचा इंतकाल झाला आणि मय्यत मिरजेला आणली गेली. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. ते ऐकताना दरवेळी वाटते, या भागात एवढे गवई, कव्वाल होऊन गेले. मग आवाज मोजक्यांचेच का उरले?

त्याचे एक उत्तर तबकडीच्या घडणीत सापडते. खाँसाहेब ग्रामोफोन कंपनीसाठी प्रथम गायले ते १९०५ मध्ये. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयाने भोंग्यात तोंड घालून गायचे, पलीकडची सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची, आणि तीनेक मिनिटांत राग आटोपायचा! मेणावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढीत. त्या वेळी हे काम जर्मनीत हॅनोव्हरला होई. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये निघाला. मग लाखेत दगडाची पूड व काजळी मिसळून तो गरम लगदा साच्यात दाबायचा, की तबकडी तयार. लाख मात्र हिंदुस्थानचीच, पळस-कुसुमाच्या झाडांवरची. आपल्या आयाबहिणी हातात भरीत त्या बांगड्यांचीही तीच.

खर्चाची गोम साच्यात आहे. गाणे मुद्रित करणे आणि साचा घडवणे याला एक प्रत काढा की हजार, पैसा तेवढाच लागतो. समजा, त्याला वीस हजार रुपये पडले. हजार प्रती काढल्या तर प्रत्येकीवर वीस रुपयांचा बोजा, शंभरच काढल्या तर दोनशेचा. म्हणून कंपनी खपणाऱ्या नावावरच पैसा लावी. खाँसाहेबांचे नाव खपत होते. १९३४ ते १९३६ या काळात ओडियनने त्यांना पुन्हा मुद्रित केले, तेही मायक्रोफोनवर. त्यांचा नाजूक सूर आज आपल्याला कळतो तो या तबकड्यांमुळे. मुंबईत वडाळ्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या 'यंग इंडिया' तबकड्यांनी हौशी, नवख्या गायकांनाही जागा दिली, हे त्या कंपनीचे मोठेच काम म्हटले पाहिजे.

पुढे कॅसेट आली. १९८२ पासून कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. लाखेऐवजी पॉलिकार्बोनेट, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर. पण काचेचा मास्टर आणि निकेलचा साचा होताच, म्हणजे हिशेब जुनाच. आमच्या ओळखीच्या एका कव्वाल चाचांनी स्वखर्चाने डिस्क काढायचे ठरवले. हजाराच्या आत छापणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. चाचीचे दागिने गहाण पडले. दोनेकशे डिस्क उरुसांतून खपल्या. तोवर लोक मोबाईलवर गाणी ऐकू लागले होते. उरलेली खोकी अजून बाजेखाली आहेत.

गेल्या उरुसाच्या आधी आम्ही त्यांच्याकडे एक डिस्क मागितली. पैसे घ्यायला ते तयार होईनात. उलट दोन काढून दिल्या. म्हणाले, "सर, एक बिगडी तो दूसरी चलेगी." एक खरेच चालत नाही. दुसरी शाळेच्या जुन्या संगणकावर लावून आम्ही तिची नक्कल काढून ठेवली आहे.