हॉथॉर्नचे दिवे

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला, काम वाढले. कमी केला, तरी वाढलेच! आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे एवढ्यानेच माणूस जास्त काम करतो, हा ‘हॉथॉर्न परिणाम’ आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात वाचला असेल.

१९२७ मध्ये तिथे टेलिफोनचे भाग जुळवणाऱ्या पाच मुलींवर वेगळा प्रयोग सुरू झाला. त्यांचेही काम वाढत गेले. मात्र त्यांतल्या दोघी फार बोलतात म्हणून १९२८ मध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या, हे सहसा सांगितले जात नाही. मग वाढ लक्ष दिल्यामुळे झाली, की माणसे बदलल्यामुळे?

दिव्यांच्या प्रयोगाचे मूळ आकडे नष्ट झाले, असेच सगळे धरून चालले होते. लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते शोधून काढले आणि २०११ मध्ये त्यांचा लेख आला. दिवे बदलले जात रविवारी, सुट्टीच्या दिवशी. सोमवारी काम शनिवारपेक्षा जास्त भरे, म्हणून श्रेय दिव्यांना गेले. पण ज्या रविवारी दिव्यांना कोणी हात लावला नव्हता, त्यानंतरच्या सोमवारीही काम तसेच वाढलेले होते.