हरवलेली हातोडी आणि सांपडलेला निधि

पुरलेलें धन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पायाळू मनुष्य, मांत्रिक आणि हंड्यावर बसलेला नाग उभा राहतो. आजची हकीकत मात्र एका हरवलेल्या हातोडीची आहे.

इ. स. १९९२ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांतील सफोक परगण्यांत, हॉक्सन गांवच्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतांत पडली. ती शोधण्यास त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन आला. यंत्र वाजलें, खणतांच चांदीचे चमचे, सोन्याचे अलंकार आणि नाणीं हातीं येऊं लागलीं. मोह पडावा असाच तो क्षण! परंतु त्या गृहस्थानें खणणें मध्येंच थांबविलें व अधिकाऱ्यांस वर्दी दिली.

दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुसंशोधक आले. रोमन नाणींच १४,८६५ भरलीं. शिवाय, हें सारें ओकाच्या पेटींत जपून रचिलें होतें, कांहीं भांड्यांमध्यें गवत घातलें होतें, हेंही कळलें. सर्वांत अलीकडचें नाणें इ. स. ४०७-४०८ चें, ब्रिटनमधून रोमन सत्ता ओसरण्याचा तोच काळ. एका कंकणावर ज्युलियाने या स्त्रीचें नांव आहे. मिरपुडीच्या चांदीच्या कुप्याही आहेत. आणि मिरीं तर आपल्या हिंदुस्थानांतून जात!

पेटी घाईनें उपसली असती, तर सोनें तेवढेंच मिळालें असतें; तें बांधणाऱ्या हातांची काळजी मात्र कायमची पुसली गेली असती. सोन्याचें मोल वजनावर ठरतें, इतिहासाचें मोल वस्तु कोठें व कशी होती यावर.

हातोडीही पुढें सांपडली. तीसुद्धां आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहीं आहे.