रापण ते चौकोनी आस : मालवणच्या समुद्राची वहिवाट

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील मासेमारीची जुनी सामुदायिक पद्धत म्हणजे रापण. पाण्याचा बदललेला रंग आणि पक्ष्यांच्या घिरट्या यांवरून बांगड्याचा किंवा तारल्यांचा थवा जवळ आल्याचे ताडून होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणून, दोन्ही बाजूंना माणसे लावून ते ओढून घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. जाळे, होडी आणि श्रम यांचे हिस्से ठरलेले असल्याने मिळालेल्या मासळीची वाटणी अनेक घरांत होई. रापणीत लहान मासळीही येतेच, त्यामुळे तिला सर्वस्वी निर्दोष मानण्याचे कारण नाही. मात्र तिचा पल्ला किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरता असल्याने तिच्या उपशालाही आपोआप मर्यादा पडत असे.

ही मर्यादा यांत्रिक नौकांनी मोडली. परदेशी बाजारात कोळंबीला भाव आल्यावर समुद्रतळ खरवडत जाळे ओढणारे ट्रॉलर वाढले आणि रापणकर व ट्रॉलरमालक यांचा संघर्ष गोव्याप्रमाणे मालवणातही पेटला. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने नौकांची क्षेत्रे आणि जाळी यांवर बंधने घालण्याचा अधिकार शासनाला दिला, तरी त्या अधिकाराचा वापर भर समुद्रात कोणी करायचा, हा प्रश्न अडूनच राहिला.

1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. सुमारे 29 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे 3 चौरस किलोमीटरचा गाभा आहे. तेथील प्रवाळांचे महत्त्व अभ्यासकांनी ओळखले होते. पण ज्या पाण्यावर मच्छीमारांची चूल अवलंबून होती, त्याची सीमा त्यांना विश्वासात न घेता आखली गेली, त्यामुळे प्रखर विरोध झाला आणि अभयारण्य बव्हंशी कागदावरच राहिले. येथे दोष शास्त्राचा नव्हता, ते ज्या वाटेने किनाऱ्यावर आले त्या वाटेचा होता.

निराळी वाट 2011 ते 2017 या काळात दिसते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने देवगड, मालवण व वेंगुर्ला तालुक्यांच्या किनाऱ्यावर राबवलेल्या प्रकल्पात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्थानिक ट्रॉलरवरच चौकोनी आसाच्या जाळ्याची चाचणी घेतली. आस म्हणजे जाळ्याचा एकेक डोळा. नेहमीच्या जाळ्यातील शंकरपाळी आकाराचा आस ओढ बसताच मिटतो आणि पिल्लेही आत अडकतात. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे खोळ्याला, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावल्यास तो उघडा राहतो आणि बारकी मासळी निसटून जाते. कोणत्याही व्याख्यानापेक्षा नौकेच्या फळीवर ओतलेला खोळा तांडेलाला अधिक पटतो, हे या चाचण्यांचे खरे बळ होते. याच प्रकल्पात कांदळवनातील खेकडापालन, कालवे व शिंपल्यांची शेती आणि किनाऱ्यामागच्या मळ्यांत कमी पाण्यावरील सुधारित भातलागवडही हाती घेतली गेली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर विशेष नावारूपाला आली.

तथापि, चौकोनी आसाने ट्रॉलरचे जाळे सुधारले तरी रापणकराचा हिस्सा परत मिळाला नाही. तोवर पर्ससीन, म्हणजे संपूर्ण थवा वेढून तळाशी आवळले जाणारे जाळे, हा मोठा प्रतिस्पर्धी उभा ठाकला होता. मासा किती मोठा असावा, याचे उत्तर मोजमापाने देता येते. तो कोणी धरावा, हा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यावर शास्त्रज्ञ फार तर पुरावा पुरवू शकतात. डॉ. सोमवंशी समितीच्या 2012 मधील अहवालाने तो पुरवला. त्याच्या आधारे 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले आणि ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती सीमित केली. आदेशानंतरही तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर 2021 च्या कायदेदुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढवल्या आणि तोवर तहसीलदारांकडे असलेली अशी प्रकरणे मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे सोपवली.